नाल्यातले दगड आणि वाइड लेन्स

वाइड अँगल लेन्स ही मोठी लबाड चीज आहे. जंगलात नाल्याकाठी उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं ते सगळं ती चौकटीत घेते खरी, पण घेताना दूर ढकलते. समोरची खळाळती धार फोटोत समईच्या वातीएवढी होते आणि भोवती उरते नुसती हिरवी गर्दी!

आमच्या यावलच्या जंगलात ही गर्दी फारच. सातपुड्यातलं हे अभयारण्य १९६९ सालचं, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचं, वरच्या अंगाला मध्य प्रदेशची हद्द. बहुतेक सागवान. इथल्या बऱ्याच नाल्यांना पाणी असतं ते पावसाळ्यात आणि पुढे थोडे दिवस. म्हणजे फोटोचा मोसमही तेवढाच. गेल्या सप्टेंबरात पालच्या बाजूला दोन दिवस मिळाले, ते एकाच नाल्यावर घालवले.

वाइड लेन्सला वठणीवर आणायचं तर पहिलं काम, खाली बसायचं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणि एखादा चांगला दगड अडीच-तीन फुटांवर. मग तो दगड फोटोचा उंबरठा होतो, नजर त्यावरून आत शिरते. माझ्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटर, एफ/११ आणि फोकस साधारण पाच फुटांवर ठेवला की अडीच फुटांपासून थेट मागच्या सागापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फक्त कॅमेरा जास्त खाली झुकवायचा नाही, नाहीतर सागाचे सरळसोट बुंधे चौकटीच्या कडेला तिरके होतात.

दुसरं, पोलरायझर. ओल्या दगडांवर आणि पानांवर जी पांढरी चकाकी असते ती फिल्टर फिरवला की उतरते आणि खालचा काळा बेसॉल्ट, पाण्यातली वाळूसुद्धा दिसू लागते. फिल्टर उजेड खातो, त्यामुळे ट्रायपॉड हवाच. दिवस ढगाळ असावा आणि आकाश शक्यतो चौकटीबाहेर ठेवावं.

राहिला शटरचा वेग. एकाच जागेवरून दोन फोटो काढले, एक दोन सेकंदांचा, एक पाव सेकंदाचा. घरी आल्यावर आत्याला लॅपटॉपवर दाखवले. तिचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, लहानपण याच नाल्यांवर गेलेलं. आता गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे जंगल बघायचं ते असंच.

पहिला फोटो बघून म्हणाली, "धुकं पडलं होतं का रे?"

दुसरा मात्र बराच वेळ बघत राहिली. "हां, हे पाणी. दगड केवढाले आहेत! आपली केळीतली विहीर खणली तेव्हा असेच निघाले होते."

मी थांबलोच. बरोबर आहे की! सातपुड्यातून उतरणारे नाले डोंगराची पायरी सोडताना आपले दगडगोटे तिथेच टाकतात. हजारो वर्षं साचलेल्या या थराला भूगर्भवाले 'बझाडा' म्हणतात. नाल्याचं पाणी या पट्ट्यात जमिनीत मुरतं आणि यावल-रावेरच्या विहिरींना मिळतं. उपसा मात्र मुरण्यापेक्षा जास्त, म्हणून पाणी वर्षानुवर्षं खोल चाललंय. आत्याच्या विहिरीला आता बोअरची जोड आहे.

म्हणजे मी ज्याला उंबरठा समजून पुढे ठेवला होता, तोच या नाल्याची खरी गोष्ट सांगत होता. पाणी जिथं दिसेनासं होतं, तिथं दगडच उरतात.

त्या दोन फोटोंतला पाव सेकंदाचा मोठा छापून आत्याकडे लावलाय. तिथली पुढची फेरी डोंगरात नाही, खाली पायथ्याला. वाहता नाला गोट्यांत मुरता मुरता संपतो ती जागा आत्याला ठाऊक आहे. तिथपर्यंत गाडी जाते म्हणे, म्हणजे या वेळी तीही येणार.