बारा धावांचे अंतर

आम्ही स्वतः क्रिकेट कधी धड खेळलो नाही. लहानपणी कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आणून देणे, एवढीच कामगिरी आमच्याकडे असे. मात्र क्रिकेटवर वाद घालण्यात आम्ही कुणाला हार गेलो नाही. त्या वादांचे मैदान होते रोह्याहून पेणला जाणारी सकाळची एस.टी. घर रोह्याला, कचेरी पेणला. तेव्हा भिसे खिंडीची वळणे, नागोठण्याचा थांबा, वडखळचा नाका असा तो प्रवास आम्ही वर्षानुवर्षे केला. माणसे ठरलेली, जागाही ठरलेल्या. पतपेढीतले एक कारकून, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे एक कारागीर आणि आमच्या शेजारच्या जागेवर मास्तर. मास्तर कोकणी मुसलमान. पेणला शाळेत गणित शिकवीत आणि क्रिकेटचे आकडे गणितासारखेच मुखोद्गत ठेवीत.

वाचकहो, सांगायचे आहे ते १ फेब्रुवारी १९९९ च्या सकाळचे. आदल्या दिवशी, रविवारी, चेन्नईची कसोटी संपली होती. भारत आणि पाकिस्तान यांच्यात नऊ वर्षांनी कसोटी मालिका होत होती आणि ती सुखासुखी सुरू झालेली नव्हती. १९९१ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावरील खेळपट्टी उखडली गेली आणि तो दौराच रद्द झाला. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या कोटला मैदानाचीही तीच गत झाली, म्हणून दिल्लीचा पहिला सामना चेन्नईला हलवावा लागला. एवढे सारे होऊन सामना झाला, आणि झाला तो कसा!

रविवारची मिस्सा आटोपून आम्ही दूरदर्शन संचासमोर बसलो, ते संध्याकाळपर्यंत उठलो नाही. विजयासाठी २७१ धावा हव्या होत्या आणि ८२ धावांत आपले पाच गडी बाद झाले होते. मग सचिन तेंडुलकर आणि नयन मोंगिया यांनी डाव उचलून धरला. सचिनची पाठ इतकी दुखत होती की प्रत्येक फटक्यानंतर तो कळवळत होता. तरी त्याने १३६ धावा केल्या. सतरा धावा उरल्या असताना सकलेन मुश्ताकला उंच फटका मारायला गेला आणि झेल वासिम अक्रमच्या हाती विसावला. उरलेले तिघे अवघ्या चार धावांत परतले. बारा धावांनी आपण हरलो. क्षणभर ते सारे मैदान मुके झाले. आणि मग चेन्नईचे प्रेक्षक उठून उभे राहिले. मैदानाला फेरी घालणाऱ्या पाकिस्तानी संघासाठी त्यांनी टाळ्या वाजविल्या. आमच्या घरातही कुणीतरी टाळी वाजविली. ती आमचीच होती, हे मागाहून ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी गाडीत वादाला तोंड फुटले. कारागीर म्हणाले, "घाई केली त्याने. डोळे आखताना शेवटच्या रेघेला हात हलला, की सगळी मूर्ती गेली. तिथेच धीर लागतो."

कारकून उसळले. "पाठ मोडून आलेली माणसाची! आणि उरलेल्या तिघांना मिळून सतरा धावा होऊ नयेत?"

आम्ही कारागिरांच्या बाजूचे. तो फटका मारायला नको होता, असे आम्ही ठासून सांगितले. मास्तर हसले. म्हणाले, "तुम्ही सगळे असे बोलता, जणू सचिन एकटाच खेळत होता. समोर सकलेन होता. दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेतले त्याने. हरलो, पण चांगल्या माणसाकडून हरलो."

पाठीमागून एका तरुणाचा आवाज आला, "मास्तर, काल तुमच्या मोहल्ल्यात फटाके किती वाजले?"

गाडीत हशा पिकला. फार मोठा नव्हे. पण पुरेसा होता. मास्तरांनी मागे वळून पाहिले नाही. खालच्या आवाजात, बहुधा आम्हालाच ऐकू जावे म्हणून, ते म्हणाले, "फटाके नाही वाजले. धाकट्याने रात्री ताटाला हात लावला नाही."

आमचा खांदा त्यांच्या खांद्याला लागलेला होता. आम्ही खिडकीबाहेर पाहिले. मग वाहकाकडे उरलेले सुटे पैसे मागितले. पेण आले, सारे उतरले. मास्तर रोज "येतो हं" म्हणत; त्या दिवशी म्हणाले नाहीत.

आम्ही का बोललो नाही? या प्रश्नाचा पाठपुरावा आम्ही पुढे पुष्कळ वर्षे केला. इंग्लंडचा संघ आपल्याकडे खेळायला येतो, तेव्हा "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" असे आम्हा ख्रिस्ती माणसांना कुणी विचारीत नाही. पण असा प्रश्न कुणालाही विचारता येतो, हे आम्हाला ठाऊक होते. तो आपल्याकडे वळू नये, एवढ्यासाठीच आम्ही खिडकीबाहेर पाहिले. याला सावधपणा म्हणत नाहीत, भित्रेपणा म्हणतात.

आणि हे आम्हाला न कळावे असे नव्हते. आमचे वडील विजय हजारे यांचे भक्त. सांगलीच्या ख्रिस्ती घरातला हा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी घरचाच. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि पाचवा संघ 'इतरांचा'. जे कुठेच बसत नाहीत ते ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध या पाचव्या संघात. १९४३ मध्ये हिंदू संघाविरुद्ध 'इतरां'नी दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या. त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेक याच्याबरोबर त्यांनी तीनशे धावांची भागी केली. तीत विवेकचा वाटा अवघा एकवीस धावांचा! तरी सामना 'इतर' हरलेच. धर्मावार पाडलेल्या अशा संघांना गांधीजींनी १९४० मध्येच नापसंती दर्शविली होती. १९४६ नंतर ते सामने बंद पडले. पुढे हेच हजारे भारताचे कर्णधार झाले आणि १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडवर भारताचा पहिला कसोटी विजय त्यांच्याच नेतृत्वाखाली मिळाला. त्याच वर्षी मुंबईत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी नाबाद १४६ धावा केल्या. 'इतर' म्हणून मोजला गेलेला माणूस देशाचा कर्णधार होतो, ही गोष्ट वडील आम्हाला अभिमानाने सांगत. आम्ही तिच्यातला अभिमान तेवढा उचलला. 'इतर' हा शब्द विसरलो.

पुढल्या रविवारी दिल्लीत अनिल कुंबळेने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले आणि भारत जिंकला. सोमवारी गाडीत पेढे वाटले गेले. मास्तर पुढे चालकामागच्या जागेवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. कुणीतरी त्यांचे मत विचारले. "छान झालं," ते म्हणाले आणि पान उलटले. ज्या माणसाने दहाही बळींचा हिशेब चेंडूगणिक मांडला असता, त्याने दोन शब्दांत तो विषय संपविला. त्याच महिन्यात कोलकात्याला सचिन धावबाद झाला. प्रेक्षक बिथरले, मैदान रिकामे करावे लागले आणि शेवटचा खेळ रिकाम्या आसनांपुढे झाला. चेन्नई आणि कोलकाता यांच्यात अवघ्या तीन आठवड्यांचे अंतर होते. पुढे उन्हाळ्यात कारगिल झाले. आमच्या गाडीत क्रिकेटचा विषय निघेनासा झाला.

पाच वर्षे गेली. २००४ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात गेला. तिथे गेलेल्या आपल्या प्रेक्षकांकडून लाहोरचे दुकानदार पैसे घेत नाहीत, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून येत होत्या. मार्चअखेरीस मुलतानला वीरेंद्र सेहवागने ३०९ धावा केल्या. कसोटीत त्रिशतक करणारा तो पहिला भारतीय. तो आकडा ऐकला आणि आम्ही चपला घातल्या. त्या वेळी मास्तर निवृत्त झालेले होते. त्यांच्या ओटीवर पाऊल ठेवताच आम्ही म्हणालो, "मास्तर, तीनशे नऊ!"

"हजारे," ते तत्काळ उत्तरले. "त्रेचाळीस साल. बसा."

चहा आला. बऱ्याच वेळाने आम्ही त्या सकाळचा विषय काढला. क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवून गेलो होतो; ते नीटसे जुळले नाहीत. मास्तर म्हणाले, "त्या पोराचं मला काही वाटलं नाही. पोरंच ती. तुम्ही बोलला नाहीत, तेव्हा वाटलं, तुमच्याही मनात शंका आहे." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. शंका कधीच नव्हती, एवढे सांगितले. त्यांनी मान हलविली. मग आतून धाकटा आला. तो आता चांगला उंच झाला होता. त्याने सेहवागचे षटकार मोजून ठेवले होते.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातली शेवटची कसोटी डिसेंबर २००७ मध्ये बंगळूरला झाली. त्यानंतर दोघे कसोटीत समोरासमोर आलेले नाहीत. आमचा वाद मात्र बंद पडला नाही. अजूनही कधी रोह्यात गाठ पडली, की चेन्नईचा तो फटका निघतो. आम्ही म्हणतो, मारायला नको होता. जरा थांबायला हवे होते. मास्तर मान हलवितात. म्हणतात, "सतरा धावा हव्या होत्या, भाऊ. गप्प उभं राहून त्या निघाल्या नसत्या."