मधला उन्हाळा

2019 च्या उन्हाळ्यात आमच्याभोवतीच्या सगळ्या तारखा पुढे सरकत होत्या. सीएच्या परीक्षा 2 मेला सुरू व्हायच्या, त्या लोकसभेच्या निवडणुकीमुळे 27 मेवर गेल्या. जीएसटीचं पहिलं वार्षिक विवरणपत्र डिसेंबरात भरायचं होतं. ते जूनअखेरपर्यंत आलं होतं आणि अजून पुढे जाणार असं ऑफिसात सगळे खात्रीनं म्हणत होते. एकच तारीख तेवढी अलीकडे आली. ‘अव्हेंजर्स : एंडगेम’ मेच्या पहिल्या आठवड्यात यायचा होता, तो 26 एप्रिलला, शुक्रवारी आला.

मी तेव्हा सीएच्या आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षात होते. सकाळी साडेसहाचा क्लास, दहापासून ऑफिस, रात्री अभ्यासिका. राहायला सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉट, भिंतीला चार कपाटं, खिडकीतून शेजारच्या वाड्याची उरलेली एक भिंत दिसायची. तो वाडा बिल्डरला दिलेला होता. अर्धा पाडून झाला होता आणि पुढचं काम कुठल्या तरी परवानगीसाठी थांबलं होतं. भिंतीतला कोनाडा आणि त्यातली दिव्याची काजळी अजून तशीच होती.

पेठेत शिकायला आलेला प्रत्येक जण कशाच्या तरी मधोमध असतो. कुणाची पूर्व परीक्षा झालेली असते, मुख्य बाकी असते. कुणाचा पहिला ग्रुप निघालेला असतो, दुसरा राहिलेला. ओळख करून देतानासुद्धा नावापाठोपाठ हे येतंच. माझाही दुसरा ग्रुप बाकी होता, नोव्हेंबरात द्यायचा होता. कर्वे रोडवर मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि त्यांच्याभोवतीच्या पत्र्यांमधून गाड्या एकेरीनं सरकत होत्या. त्या शहरात मला परकं कधी वाटलं नाही, त्याचं कारण बहुधा हेच. पूर्ण झालेल्या गोष्टींच्या शहरात आम्ही फार अवघडलो असतो.

एप्रिलचा पहिला पंधरवडा बँक ऑडिटचा. 31 मार्चला बँकांचं वर्ष संपतं आणि आर्टिकल्सच्या टोळ्या बॅगा घेऊन शाखाशाखांवर जातात. मी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका शाखेत होते. आदल्या ऑक्टोबरात राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले होते, आणि तो दुष्काळ मला पीककर्जाच्या खात्यांत ओळीओळीनं वाचायला मिळाला. साधं कर्ज 90 दिवस थकलं की अनुत्पादक ठरतं. कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला दोन हंगामांची सवड असते. ती सवडही संपलेली खाती पुष्कळ होती. मी पेन्सिलीनं खुणा करत जायचे. सोनेतारणाची पाकिटं मोजताना एकदा लहान मुलाच्या कानातल्यांवर हात थांबला. त्या कामात शिकवण्यासारखं जे होतं, ते कुठल्याच क्लासच्या नोट्समध्ये नव्हतं.

रात्री लॉजवर आम्ही मुली ‘अव्हेंजर्स’च्या आधीच्या चित्रपटात अर्धं विश्व नाहीसं करणाऱ्या थॅनॉसबद्दल बोलायचो. हे विचित्र वाटेल, पण मला ते तेव्हाही विसंगत वाटलं नाही आणि आता तर अजिबातच वाटत नाही. दिवसभर आकडे तपासून डोळे दुखत असताना, अर्धं विश्व परत कसं आणणार यावर तावातावानं भांडायला बळ लागतं, आणि ते आमच्यात कुठून तरी येत होतं. पहिला ‘आयर्नमॅन’ 2008 चा. मी तेव्हा शाळेत होते. बार्शीत आमच्याकडे तो नंतर केबलवर आला, हिंदीत. टोनी स्टार्क माझ्या कानात आजही हिंदीत बोलतो. ‘एंडगेम’ हा मालिकेतला बाविसावा चित्रपट. आमची दहावी, बारावी, सीएची सीपीटी, घर सोडणं, हे सगळं त्या बावीस चित्रपटांच्या अधेमधे झालं.

रात्रीचा खेळ आम्हाला शक्य नव्हता, कारण दहाला दार बंद व्हायचं. पण पहाटेचे खेळ लागले आणि अडचण सुटली. पहाटे बाहेर पडायची आम्हाला सवयच होती. एका रूममेटची सीएची फायनल होती. परीक्षा ठरल्या वेळी असती तर 26 तारखेला तिनं पुस्तकातून मान वर केली नसती. जिन्याखाली घरमालकीण काकू पाणी भरत होत्या.

“एवढ्या लवकर कुठला गं क्लास?”

“क्लास नाही काकू, सिनेमाला.”

त्यांनी आम्हा चौघींकडे पाहिलं. “पहाटे? काकडआरतीला निघाल्यासारख्या निघालात की! जा, पण गाडी सावकाश चालवा.”

म्हात्रे पुलावरून दोन स्कूटरवर आम्ही कोथरूडला गेलो. नदीत पाणी जवळजवळ नव्हतं. वाऱ्यात मात्र थोडा गारवा होता आणि तो दिवसभरासाठी साठवून ठेवावा असा होता, कारण त्याच आठवड्यात शिवाजीनगरचा पारा 42 अंशांपुढे गेला.

चित्रपटाबद्दल सगळे लढाईचं बोलतात. मला पहिला तास जास्त लागला. त्यात मारामारी जवळपास नाहीच. पाच वर्षं गेलेली आहेत आणि हरलेली माणसं रोजची कामं करताहेत. कॅप्टन अमेरिका अनोळखी लोकांबरोबर गोल बसून त्यांचं दुःख ऐकतोय. एवढं बळ असलेला माणूस ऐकायला बसतो, हे मला फार मोठं वाटलं. पुढे त्यानं थॉरचा हातोडा उचलला तेव्हा थिएटर उभं राहिलं. हवेत सोनेरी वर्तुळं उघडली आणि गेलेले सगळे परत येऊ लागले, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीनं माझा हात धरला होता आणि मीही तो सोडवला नाही. टोनी गेला तेव्हा मागच्या रांगेतला एक मोठा मुलगा हुंदके देऊन रडत होता. कुणी त्याला हसलं नाही.

मग नामावली आली. मूळच्या सहा जणांच्या सह्या पडद्यावर उमटल्या. कुणी उठलं नाही, कारण या मालिकेत शेवटी पुढच्या चित्रपटाची एक झलक असते आणि तिच्यासाठी बसून राहायचं, हे आम्ही शाळेपासून शिकलो होतो. या वेळी झलक नव्हती. फक्त लोखंडावर हातोड्याचे घाव पडल्याचा आवाज आला, पहिल्या चित्रपटात टोनी गुहेत चिलखत घडवत होता तेव्हाचा. आणि दिवे लागले.

आमच्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट त्याआधी कधी पूर्ण झाली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी सुरू झालेलं काही, डोळ्यांसमोर, नीट, कुणाचं देणं न ठेवता संपतं, हे आम्ही पाहिलं. थोड्या वेळानं मी ऑफिसात बसून जुळवणीच्या याद्या करत होते. काम तेच होतं, दुसरा ग्रुप तसाच बाकी होता. तरी मला वाटत राहिलं की संपेल. हेही संपेल.

मेमध्ये मेसमध्ये रविवारी आमरस सुरू झाला. त्या रूममेटचा शेवटचा पेपर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. दोन दिवसांनी तिनं कॉट सोडली आणि नांदेडहून आलेली एक मुलगी तिथे राहायला आली. ती नुकतीच आर्टिकलशिपला लागली होती, अजून गप्प असायची. 4 जुलैला नवा ‘स्पायडरमॅन’ येतोय म्हणून आमची गडबड चाललेली पाहून तिनं विचारलं, यातलं काहीच पाहिलं नसेल तर कुठून सुरुवात करायची?

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. आम्ही खाली जाऊन पावभाजी आणली, लॅपटॉप माझ्या कॉटवर ठेवला आणि 2008 पासून सुरुवात केली. हिंदीत. जुलैत प्राप्तिकर विवरणपत्रांचे ढीग लागणार होते, तेव्हा रविवारसुद्धा मिळेल याची खात्री नव्हती. मी तिला सांगितलं की 4 जुलैपर्यंत काही बावीस पाहून होणार नाहीत.

“नोव्हेंबरच्या आत होतील ना, ताई?” ती म्हणाली. “तुमची परीक्षा व्हायच्या आत?”