इगतपुरीच्या आठ रात्री

प्रवासास निघताना मनुष्य हवा, पाणी, अन्न आणि अंथरूण या चार गोष्टींची चौकशी करतो. आपल्या कानांची काय सोय लागेल हे विचारावयाचे त्यास सुचत नाही. आम्हांसही ते सुचले नाही, आणि त्याचा भुर्दंड आमच्या वडील बंधूंना भरावा लागला. ज्या घरात आजारातून उठलेले वडील माणूस हवापालटास न्यावयाचे असेल, त्या घरास आमची हकीकत कदाचित उपयोगी पडेल, म्हणून ती येथे देत आहो.

गेल्या श्रावणात ती. दादांना हृदयविकाराचा झटका आला. वेळीच उपचार झाले, रक्तवाहिनीत जाळी बसली, आणि दिवाळीपर्यंत ते घरात हिंडूफिरू लागले. परंतु झोप म्हणून लागेना. डॉक्टर म्हणाले, "गोळी वाढविण्यापेक्षा आठ दिवस थंड आणि निवांत जागी नेऊन पाहा." जागा पाहण्याचे काम आम्ही मोठ्या हौसेने अंगावर घेतले. इगतपुरी आमच्या ठाण्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर. घाट चढून गेले की हवा एकदम पालटते. मोटारीचे धक्के नकोत, आगगाडीने सुखाने जाता येते. स्थानकापासून तीनेक किलोमीटरवर, घोटीच्या बाजूस, एका लॉजचे चित्र आमच्या पाहण्यात आले. मागे डोंगरांची रांग, पुढे हिरवळ, आणि खाली 'शांत परिसर' अशी अक्षरे. चित्र घेणारा रुळांकडे पाठ करून उभा होता, हे आम्हांस तेथे पोचल्यावर कळले.

वाट मात्र फार सुंदर. कसारा ते इगतपुरी हा थळघाट १८६५ साली वाहतुकीस खुला झाला. सुमारे पंधरा किलोमीटरांत गाडी जवळजवळ तीनशे मीटर वर चढते. चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे. आगगाडीच्या हिशेबाने हा भलताच उभा. म्हणून कसाऱ्यास गाडीच्या शेपटीला जादा इंजिने लावतात व ती मागून रेटत गाडी वर आणतात. दादांनी तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकविले. एरवी या घाटात ते गप्प बसते ना. त्या दिवशी मात्र शाल लपेटून ते बाहेर पाहत राहिले. आजारापासून घरातील सर्वांचे त्यांच्याशी बोलणे म्हणजे 'गोळी घेतलीत का', 'जिना चढू नका', 'मीठ कमी आहे ना', एवढेच उरले होते. वहिनींचेही तसेच. मनुष्य बरा होत असताना त्याच्याशी दुसरे काही बोलावे, हे आम्हां शहाण्यांच्या लक्षात आले नव्हते.

पहिल्या रात्री साडेअकराच्या सुमारास पहिली गाडी आली. आम्ही ठाण्याचे, आणि १८५३ साली या देशात उतारूंची पहिली आगगाडी धावली ती बोरीबंदराहून ठाण्यालाच. तेव्हा ठाणेकराने आगगाडीच्या आवाजाची तक्रार करणे शोभत नाही. परंतु आमचे घर आतल्या आळीत, रुळांपासून दूर. तेथे येतो तो गाडीचा घरघराट. येथे आली ती शिट्टी, आणि तीही जणू उशाशी. लॉजच्या पुढे रुळांना वळण होते, आणि पलीकडच्या वस्तीतील माणसे रूळ ओलांडून जातात त्याची पायवाटही होती. त्यामुळे प्रत्येक चालकाने शिट्टी देणे क्रमप्राप्तच. पहाटेपर्यंत किती गाड्या गेल्या ते आम्ही मोजले नाही. आमच्या घरच्या मंडळींनी मोजले असावे. कारण सकाळी चहाच्या वेळी त्या आमच्याकडे पाहून काहीच बोलल्या नाहीत.

व्यवस्थापकाकडे गेलो. गृहस्थ सौजन्यशील होते. "पहिल्या दोन रात्री त्रास होतो साहेब, तिसऱ्या रात्री सवय होते," असे ते म्हणाले. किती उतारू तिसऱ्या रात्रीपर्यंत राहतात असे विचारता ते नुसते हसले.

मग उपाय सुरू झाले. खाटा खिडकीच्या भिंतीपासून काढून आतल्या भिंतीला लावल्या. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रे कोंबली, वर गोधडी टांगली. औषधांच्या दुकानात मिळणारे स्पंजाचे बोळे आणले. ते दादांच्या कानांत राहीनात, आणि राहिले तेव्हा आपल्याच काळजाचे ठोके ऐकू येतात म्हणून त्यांनी काढून टाकले. त्या आजारातून उठलेल्या माणसास ते ठोके ऐकत पडणे कसे सोसावे? थंडी असूनही पंखा लावून पाहिला, आणि हा उपाय मात्र खरा उपयोगी निघाला. कारण एकसारखा चालणारा आवाज मन सोडून देते, ते दचकते अवचित येणाऱ्या आवाजाला. रात्री शिट्टी अधिक कर्कश वाटते यात आपल्या मनाचा दोष नाही, हेही सांगून ठेवतो. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते, त्यामुळे ध्वनी वर वळून निघून जातो. निरभ्र थंड रात्री खालची हवा गार आणि वरची त्याहून उबदार, म्हणून तो खाली वाकून लांबवर पोचतो. कार्तिकातील घाटमाथ्याची रात्र म्हणजे शिट्टीला जणू आमंत्रणच.

दुसऱ्या रात्री अडीच वाजता वहिनींनी आमचे दार ठोठावले. दादा बिछान्यावर ताठ बसले होते, हात छातीवर. वहिनींनी घड्याळ लावून नाडी मोजली होती, ती एकशे चार. "दुखत नाही रे, दचकून उठलो इतकेच," असे दादा म्हणत होते. परंतु वहिनींचा चेहरा आम्हांस पाहवला नाही. फोनवर डॉक्टरांचा सल्ला घेतला. अर्ध्या तासात नाडी खाली आली. आम्ही मात्र उजाडेपर्यंत व्हरांड्यात बसून स्वतःस दोष देत होतो. भाडे बुडाले तर बुडाले, सकाळी परत जावयाचे असे ठरले.

सकाळी तिकिटांसाठी स्थानकावर गेलो. सर्वांना बसून जाण्याजोगी जागा मिळत होती ती दोन दिवसांनंतरची. हताश होऊन चहा घेत असता शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. जन्म घाटातील इंजिनांवर गेलेला. आम्ही शिट्ट्यांच्या नावाने बोटे मोडली तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "ती तुमच्यासाठी नसतेच." मग त्यांनी आम्हांस ती भाषा थोडी शिकविली. मागे रेटणारे इंजिन असले की पुढचा चालक एक आखूड शिट्टी देतो, म्हणजे 'मी निघावयास तयार आहे'. मागच्याने तशीच एक दिली की 'मीही'. दोघांत अख्खी गाडी असते, एकास दुसरा दिसत नाही. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे गाडी आवरत नाही, गार्डाने ब्रेक लावावा. लांबलचक शिट्टी बोगद्यासाठी, वळणासाठी, फाटकासाठी. आता बिनतारी बोलण्याची साधने हाती आली, तरी शिट्टीचा नियम काही सुटलेला नाही. मुंबईकडील व पुढची वीज निरनिराळी होती तेव्हा इगतपुरीस गाड्यांची इंजिने बदलत, आणि त्या काळी गोंगाट याहून अधिक असे, असेही त्यांनी सांगितले. निघता निघता समोरच्या टेकडीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिकडे धम्मगिरीवर माणसे दहा-दहा दिवस मौन धरून बसतात, १९७६ पासून. शिट्ट्या त्यांनाही ऐकू जातातच की."

लॉजवर येऊन आम्ही हे दादांना सांगितले, मुख्यतः वेळ जावा म्हणून. व्यवस्थापकाने मागच्या अंगाची खोली रिकामी करून दिली होती. तेथे आवाज निम्म्याने कमी होता. तो पूर्ण गेला असे म्हणवत नाही. दादा ऐकत होते. तीन आखूड शिट्ट्यांचा अर्थ त्यांनी पुन्हा विचारला. मग म्हणाले, "एक वही आण."

तिसऱ्या रात्री दीड वाजता आम्हांस जाग आली तो त्यांच्या खोलीत दिवा. छातीत धस्स झाले. धावत गेलो. दार उघडेच होते. दादा लोडाला टेकून वही मांडीवर घेऊन बसले होते, आणि वहिनी डोळे मिटून अगदी हलक्या आवाजात षड्ज लावीत होत्या.

"ये रे, बस. दार लाव, वारा येतो," दादा म्हणाले. "हिचा स्वर पक्का होऊ दे, बोलू नकोस."

वहिनी लग्नापूर्वी काही वर्षे गाणे शिकल्या होत्या. आमच्या घरात आल्यावर पोळ्या, पाहुणे, सणवार आणि आमच्यासारखे दीर यांत ते मागे पडले. तंबोरा माळ्यावर आहे. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. विसर पडला होता.

प्रकार असा होता. गाडी शिट्टी देत जवळ येते तेव्हा तिचा स्वर चढा लागतो, आणि ओलांडून गेली की उतरतो. गाडी येताना ध्वनीच्या लहरी दाटतात, जाताना विरळ होतात. हा नियम डॉप्लर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडला. तो पडताळून पाहिला हॉलंडातील बाइस बॅलट यांनी १८४५ साली, युट्रेक्टजवळच्या लोहमार्गावर. धावत्या गाडीचा स्वर तत्काळ मोजील असे यंत्र तेव्हा नव्हते. म्हणून त्यांनी गाडीवर तुताऱ्या वाजविणारे बसविले आणि रुळांच्या कडेला तयार कानांचे वादक उभे केले. दादांनी हा प्रयोग तीस वर्षे फळ्यावर शिकविला. करून मात्र एकदाही पाहिला नव्हता. "मला कान नाही," ते म्हणाले, "आणि हिला गणित नाही. दोघे मिळून एक माणूस होतो."

हिशेब त्यांनी करूनच ठेवला होता. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, आणि शिट्टी कोमल रिषभावरून षड्जावर उतरली, तर गाडीचा वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर. शुद्ध रिषभावरून उतरली, तर सुमारे ७२. चालकाने ओलांडून जाईपर्यंत शिट्टी धरून ठेवली तरच हे साधते. त्यामुळे चार-पाच गाड्यांत एखादीच कामाची निघे. बाकीच्यांपुढे वहीत रेघ. ज्या शिट्टीने आदल्या रात्री सर्वांचा जीव घेतला, ती मध्येच तुटली तर आता दोघेही हळहळत. वहिनींनी आणखी एक गोष्ट हेरली. रुळांपाशी उभे राहिले तर स्वर पटकन उतरतो. खोलीतून ऐकताना तो लांब मींड घेत उतरतो. दादांनी यावर कागद घेऊन आकृती काढली व ते बरोबर असल्याचे जाहीर केले. वहिनी म्हणाल्या, "अहो, बरोबर आहे ते मला ऐकू आलंच की."

दोन वाजता दादांनी दिवा मालविला. सकाळी सातपर्यंत त्यांना जाग आली नाही. मधल्या वेळात गाड्या गेल्या असणारच.

दोन दिवसांनंतरची तिकिटे आम्ही काढली नाहीत. आठही दिवस राहिलो. दादांना रोज गाढ झोप लागली असे नव्हे. पाचव्या रात्री ते तीन वाजेपर्यंत जागेच होते, आणि त्यास शिट्टी नव्हे, संध्याकाळची भजी कारण होती. ती कोणी आणली हे सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्या घरच्या मंडळींना शेवटपर्यंत झोप लागली नाही. स्वरज्ञानाने ज्याची सोय होते त्याची होवो, आपल्याला मागची खोली, पंखा आणि कानांत बोळे एवढेच कामास आले, असे त्यांचे मत आहे. आणि ज्यांच्या घरी गाणे नाही त्यांनी तेच ऐकावे. शिवाय खोली ठरविण्यापूर्वी फोन करून दोन प्रश्न अवश्य विचारावेत: रूळ किती लांब, आणि खिडकी कोणत्या अंगास? 'स्थानक किती लांब' एवढेच विचारून आम्ही फसलो.

दादांना एक रुखरुख होती. वहिनींचा कान खरा कशावरून? सातव्या सकाळी तिचेही निरसन झाले. नाश्त्याच्या वेळी मुंबईकडे जाणारी एक लांब पल्ल्याची गाडी शिट्टी धरून गेली. वहिनी म्हणाल्या, "शुद्ध रिषभ, किंचित उतरलेला." आम्ही व्हरांड्यात घड्याळ घेऊन उभेच होतो. बावीस डबे सत्तावीस सेकंदांत गेले. एक डबा सुमारे चोवीस मीटरांचा. हिशेब ताशी सत्तर किलोमीटर येतो. दादांनी आकडा दोनदा पडताळला, आणि चष्मा काढून वहिनींकडे असे पाहिले की आम्हांस चहा आणावयाचे निमित्त करून आत जावे लागले.

परतीच्या गाडीत दादा खिडकीपाशी बसले, वही हाती. घाट उतरताना पहिल्या बोगद्याआधी आमच्या गाडीने लांब शिट्टी दिली. वहिनींनी कान दिला. स्वर जागचा हलला नाही.

"आपण गाडीतच आहोत, हलेल कसा?" दादा म्हणाले, वही मिटली, आणि कसारा येण्यापूर्वी झोपी गेले.