चामखीळ आणि वॉर्निंग

"घोड्याच्या शेपटीचा केस बांध, आपोआप गळून पडते." चामखीळ म्हटलं की आपल्याकडे घरटी एक तरी माणूस हा सल्ला देतोच. मंडळी, पुण्यात घोडा शोधण्यापेक्षा स्किनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळवणं सोपं. माझ्या मानेवर पाच-सहा होत्या, सारख्या कॉलरला घासायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "करंटच्या सुईनं काढू, काही विशेष नाही."

करंट म्हटल्यावर आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. घरी येऊन वाचत बसलो.

या प्रकाराचा जन्म सौंदर्यासाठी झालाच नव्हता. १८७५ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी, आत वळून बुबुळाला टोचणारे पापण्यांचे केस विजेच्या सुईनं काढल्याचं प्रसिद्ध केलं. तत्त्व आपल्या शाळेतल्या रसायनशास्त्रातलंच. शरीरात मीठ-पाणी असतंच. त्यात सुईतून डीसी करंट सोडला की सुईच्या टोकाशी कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो केसाचं मूळ जाळतो. काम पक्कं, पण वेळखाऊ. पुढे हाय फ्रिक्वेन्सी एसी करंट आला. यात रसायन वगैरे काही नाही, नुसती उष्णता. हल्ली चामखीळ काढताना बहुतेक ठिकाणी हीच उष्णता वापरतात, तरी पार्लरच्या पाटीवर 'इलेक्ट्रोलिसिस' असू शकतं. आपल्या लेगसी प्रॉडक्टसारखं.. आतलं इंजिन बदललं, नाव तेच!

प्रत्यक्षात काय होतं? बधिर करणारं क्रीम लावून तासभर बसायचं. मग चुटूक चुटूक चटके आणि किंचित जळका वास. खपली धरते, ती आठ-दहा दिवसांत आपली आपण पडते. नखानं काढायची नाही, कारण आपल्या सावळ्या कातडीवर काळा डाग मागे राहतो. सनस्क्रीन लावायचं. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. आणि तीळ असेल, त्यातही आकार किंवा रंग बदलणारा, तर तो पार्लरमध्ये अजिबात जाळायचा नाही. आधी डॉक्टरांना दाखवायचा. एकदा जाळला की तपासायला काही उरत नाही.

असो. खरा मुद्दा पुढेच आहे.

काम सुरू करण्याआधी बाईंनी विचारलं, "घरी कुणाला शुगर?" म्हटलं, बाबांना. त्या म्हणाल्या, "मग एचबीए१सी करून घ्या. मानेवर अशा बऱ्याच असल्या की कधी कधी इन्सुलिनची गडबड असते. प्रत्येकाला असतेच असं नाही." रिपोर्ट आला ६.१. डायबेटिस ६.५ पासून धरतात, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. वय वर्षं बत्तीस, दिवसाचे दहा तास खुर्चीत.

आपल्या धंद्यात कंपायलरनं वॉर्निंग दिली की ती सप्रेस करण्याचा एक फ्लॅग असतो. स्क्रीन स्वच्छ दिसते, कोड मात्र तसाच राहतो. सुई म्हणजे तो फ्लॅग.

चामखिळी वीस मिनिटांत गेल्या. ६.१ साठी मात्र तसली सुई नाही. त्यासाठी रोज पाऊण तास चालणं आणि ऑफिसचा चारचा वडापाव बंद. तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट आहे.

तुमच्याही मानेवर असतील तर खुशाल काढा, लाजायचं काय त्यात! फक्त त्याआधी एकदा रक्त तपासून घ्या.