बोस्टनचा महापौर कर्ली

ज्याचे हात स्वच्छ नाहींत हें ठाऊक आहे, त्यालाच लोक पुनःपुन्हा कां निवडतात, हा प्रश्न पडला कीं आम्हांस अमेरिकेंतील बोस्टन शहराचा जेम्स मायकेल कर्ली आठवतो. आयर्लंडहून आलेल्या गरीब आईबापांचा हा मुलगा. बाप लवकर वारला. आई कचेऱ्यांच्या फरशा पुसून मुलांस पोसी. १९०४ सालीं एका मतदाराच्या नांवानें सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसल्याबद्दल कर्लीस तुरुंगवास घडला, आणि तुरुंगांत असतांनाच तो नगरसभेवर निवडून आला!

१९१४ ते १९५० या काळांत चार वेळां त्यानें महापौरपद भोगिलें. मध्यें दोन वर्षें तो गव्हर्नरहि होता. त्यानें इस्पितळें, रस्ते, स्नानगृहें बांधविलीं. कर वाढले, मक्तेदार गबर झाले, हेंहि खरें. पण नगरभवनांतील झाडूवाल्या बायकांस गुडघे टेकून फरशी पुसावी लागूं नये, म्हणून त्यानें त्यांस लांब दांड्यांचीं पुसणीं आणून दिलीं. आमच्या मतें कर्लीचें सारें राजकारण त्या दांड्यांत आहे. चोख हिशेबाचा आग्रह धरणाऱ्या सभ्य सुधारकांना ते गुडघे दिसले नव्हते.

१९४७ सालीं टपालाद्वारें फसवणूक केल्याबद्दल तो महापौर असतांनाच पुन्हा तुरुंगांत गेला. पांच महिन्यांनीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं त्याची उरलेली शिक्षा माफ केली. तोंवर जॉन हाइन्स या चिटणिसानें कारभार निमूटपणें संभाळला होता. कर्लीनें परत येतांच काय म्हणावें? त्या पांच महिन्यांत झालें नाहीं तेवढें काम आपण एका दिवसांत उरकलें! हाइन्स तें विसरला नाहीं. १९४९ च्या निवडणुकींत त्यानेंच कर्लीस पाडलें.