उंबरठे झिजवण्याचा खेळ

लिऊ बेई या चिनी सरदाराजवळ तेव्हा धड राज्यही नव्हतं. तरी इसवी सन 207च्या सुमाराला तो लाँगझोंगला, गवताने शाकारलेल्या एका घराशी तीनदा गेला. आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या झुगे लियांगला सल्लागार हो म्हणून विनवायला. त्या काळावरच्या गाजलेल्या चिनी कादंबरीत या खेपा फार रंगल्या आहेत. पहिल्या वेळी घरधनी बाहेर गेलेला, दुसरी खेप बर्फातून, तीही वाया. तिसऱ्या वेळी तो आत झोपलेला आणि हा बाहेर ताटकळत उभा. सोबतचा झांग फेई इतका भडकतो, की घराला मागून आगच लावतो म्हणतो.

मला या गोष्टीतला झांग फेई जवळचा वाटतो. कोएई या जपानी कंपनीने याच कथेवर 1985 पासून ‘रोमान्स ऑफ द थ्री किंगडम्स’ ही गेमची मालिका काढली, आणि तीत मी कित्येकांचे उंबरठे झिजवले आहेत. तिथे माणसाची निष्ठा आकड्यात मोजतात. गेम सेव्ह करायचा, शत्रूच्या माणसाला ‘माझ्याकडे ये’ असा निरोप धाडायचा, नकार आला की जुना सेव्ह उघडून तोच निरोप पुन्हा धाडायचा. ना बर्फ, ना ताटकळणं. रात्रभर हे दळण दळलं की शत्रूचे निम्मे मुत्सद्दी माझ्या दरबारात हजर, आणि सकाळी त्यांतल्या एकाचंही नाव मला आठवत नाही.

खेळणाऱ्याला यात बोल लावू नये. फुकटची संधी समोर ठेवली तर तो ती घेणारच. मग गेम बनवणारे बोलावण्याचा खर्च वाढवतात. हा उपाय मला कधीच पटला नाही. खजिना भरलेल्या राजाला त्याची झळ लागत नाही. मरतो तो लिऊ बेईसारखा कफल्लक सरदार, ज्याच्याकडे माणसं जोडण्याखेरीज दुसरं भांडवलच नाही. 2012च्या ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ने निराळी शक्कल लढवली. फाशांचं दान सेव्हबरोबरच साठवलं. सेव्ह उघडून तीच गोळी पुन्हा झाडली तरी निकाल तोच. चलाखी खरी, पण माणूस नाही का म्हणाला, हे तिने कळत नाही.

वेळेची किंमत मात्र जाणवते. मालिकेच्या अकराव्या भागात एक पाळी म्हणजे दहा दिवस. निरोप घेऊन गेलेला अधिकारी परत येईपर्यंत ना बांधकामाला हाताशी, ना लढाईला. तेव्हा कुठे मी नकाशाकडे बघून विचार करू लागतो.

इतिहासातले धागे याहून बारीक आहेत. झुगे लियांगचं नाव सुचवणाऱ्या शू शूने बजावलं होतं, की याला बोलावून घेता येणार नाही, तुम्हीच जायला हवं. इसवी सन 200 मध्ये लिऊ बेईचा साथीदार गुआन यू शत्रूच्या, त्साओ त्साओच्या हाती लागला. तिथे त्याला मानमरातब मिळाला, भेटींची खैरात झाली. त्याने त्साओ त्साओविरुद्ध लढणाऱ्या यान लियांग या सेनापतीला मारून उपकार फेडले, भेटी मोहोरबंद करून मागे ठेवल्या आणि तो सरळ लिऊ बेईकडे निघून गेला.

गेम रचणाऱ्या मंडळींनो, बोलावण्याच्या बटणाला कुलूप लावू नका. दुसऱ्यांदा आलेल्या राजाला ‘मागच्या खेपेनंतर तुमचं काय बदललं?’ असं विचारणारा माणूस तेवढा दारात उभा करा.