ढोलक्याची कंबर

ड्रम किटचं वजन ड्रममध्ये नसतं, हे तो एकदा स्वतः उचलल्याशिवाय कळत नाही. लाकडाची पोकळ नळकांडी आणि त्यांवर ताणलेलं प्लास्टिक, त्यात असून असून वजन असणार किती? खरं ओझं लोखंडाचं. झांजा अधांतरी धरायला तिपाया, स्नेअर पेलायला तिपाई, बसायला गोल स्टूल, हायहॅटचा दांडा, पायाने बास वाजवायचं पेडल, आणि या सगळ्यांचे खटके, स्क्रू, बिजागऱ्या. माझा भाचा हिवाळ्यात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑक्टोपॅड वाजवतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात ड्रम. ढोल तो एकटा उचलतो. लोखंडाच्या थैलीला मात्र दुसरा गडी शोधावा लागतो. सध्या त्याच्या डोक्यात एकच खूळ आहे: मोटारसायकलवर, एकट्याने, साकोलीहून लाखांदूरला नेता येईल असा किट बनवायचा.

खूळ म्हटलं, पण त्यामागे आमच्या जिल्ह्याचं पंचांग आहे. दिवाळी झाली, भाऊबीज सरली, की भंडारा-गोंदियाच्या गावागावांत मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरू लागतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, आणि शेजारच्या गावाशी तो टक्कर घेणार नाही अशी सोय बहुधा आधीच केलेली. दिवसा बाजारचौकात खडी गंमत किंवा दंडार ही लोकनाट्यं, रात्री गावच्या मोकळ्या आखरावर मांडव घालून नाटक. दहाच्या पुढेमागे सुरू झालेलं नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालतं. आज इथे, उद्या पन्नास किलोमीटरवर, परवा वैनगंगेपलीकडे, असा क्रम होळीपर्यंत. वडशाच्या नाटक कंपन्यांना आपापल्या गाड्या असतात. नेपथ्य, नट, वाद्यं सगळं त्यांत भरलं जातं. अडचण होते ती सुट्या वादकाची. भंडारा, लाखनी, साकोली हा हमरस्ता गुळगुळीत आहे, पण मंडई हमरस्त्यावर भरत नाही. ती चुलबंद नदीच्या काठच्या गावात भरते. तिथे जाणारी एसटी संध्याकाळी मुक्कामाला जाते आणि पहाटे परतते, आणि ड्रमच्या थैल्या बघून कंडक्टर आधी तोंड वाकडं करतो, मग लगेजचं तिकीट फाडतो.

गंमत अशी की ड्रम किट हे वाद्य मुळात आटोपशीरपणासाठीच जन्माला आलं. पूर्वी पाश्चात्त्य बॅंडमध्ये मोठ्या ढोलाला एक माणूस, स्नेअरला दुसरा, झांजेला तिसरा. थिएटरच्या चिंचोळ्या जागेत तिघे बसवायचे कुठे आणि तिघांना पगार द्यायचा कोणी? शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी १९०९ मध्ये चटपट चालणारं पायपेडल विकायला काढलं आणि मोठा ढोल एका माणसाच्या पायाशी आला. तिघांचा एक झाला. पुढे त्या एकाने मात्र स्वतःभोवती इतकं लोखंड जमवलं की पुन्हा तीन माणसांचं ओझं झालं! २०१३ मध्ये त्याच लुडविग कंपनीने क्वेस्टलव्ह या ड्रमरबरोबर लहान किट काढला. त्यात बास १६ इंचांचा, एरवीच्या २२ इंचांऐवजी. भाच्याने त्याचे व्हिडिओ इतके पाहिले आहेत की त्यातल्या प्रत्येक ढोलाची मापं त्याला तोंडपाठ आहेत.

पण बास लहान करणं हा निव्वळ सुताराचा प्रश्न नाही. ताणलेल्या पडद्याचा व्यास निम्मा केला की त्याचा स्वर दुप्पट कंपनांवर, म्हणजे सरळ एक सप्तक वर चढतो. २२ इंचांचा ढोल ११ इंचांवर आणला की त्याचा 'धम्' जाऊन 'टम्' उरतो. तो पुन्हा खाली उतरवायला दोनच वाटा. पडद्याचा ताण चौथाईवर आणायचा, म्हणजे पडदा इतका सैल होतो की टिपरू त्यावरून उसळतच नाही. नाहीतर पडद्याचं वजन चौपट करायचं. भाच्याने पहिली वाट करून पाहिली. अंगणात त्याचा सैल पडदा दिवसभर थपथपत होता आणि शेजारची म्हैस दावं ओढत होती.

दुसरी वाट आपल्याकडे शेकडो वर्षांची मळलेली आहे. ढोलकीचं शाईचं तोंड असतं जेमतेम पाच इंचांचं, धुमाचं, म्हणजे खर्जाच्या बाजूचं, सात-आठ. शाईच्या बाजूला लोहकीस आणि खळीचा काळा थर, थरावर थर घासून चढवलेला. धुमाच्या पुडीला आतून मसाला. ते वजन बरोबर मधोमध बसतं आणि एवढ्याशा कातड्यातून पोटात घुमणारा खर्ज निघतो. शाईने आणखी एक काम साधतं. नुसत्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशी सुरात नसतात. मधोमध भार दिला की ते ओळीने सुरात येऊन बसतात. मृदंग आणि तबल्याची ही करामत सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. त्याआधी दहा वर्षं, १९१० च्या सुमारास, रामन सरकारी हिशेबाच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. तेव्हा त्यांनी इकडे साठ किलोमीटर येऊन एखादी मंडई पाहिली असती तर, असा विचार माझ्या मनात उगाच येतो.

भाच्याला मी मंडईला नेलं ते शाई दाखवायला नव्हे. ती त्याने पाहिलेली आहे. मला त्याला खडी गंमतीचा ढोलक्या काम करताना दाखवायचा होता. लाखनीकडच्या एका गावात दुय्यम खडी गंमत होती, म्हणजे दोन शाहिरांच्या दोन पार्ट्या समोरासमोर आणि त्यांच्यात सवाल-जवाब. मांडव नाही, रंगमंच नाही. चौकात एक सतरंजी आणि तिच्याभोवती माणसांचं कडं. सत्तरीकडे झुकलेला ढोलक्या सतरंजीच्या कडेला उभा होता. त्याने आधी कमरेला दुपट्टा गुंडाळला, दोन वेढे घट्ट, कारण वाजवताना दोरीचे पीळ बरगडीखाली घासतात. मग ढोलकी त्यावर टेकवली, पट्टा पाठीमागून आणून बगलेजवळ गाठ मारली आणि अंग एकदा डावी-उजवीकडे झटकलं. ढोलकी जागची हलली नाही. मग लहान हातोडीने कड्या ठोकत, एक बोल वाजवून कान लावत, तो तुणतुण्याशी सूर जुळवत गेला. तुणतुणंवाल्याचंही तसंच: वाद्य खांद्याशी, एक बोट तारेवर. डफवाल्याने डफ शेकोटीवर फिरवून घेतला होता, कारण मार्गशीर्षातलं दंव चामड्याला सैल करतं. (रेमो बेली यांनी १९५७ मध्ये मायलारचा पडदा बाजारात आणला आणि जगभरच्या ड्रमरांची दंवाची कटकट गेली. आमच्याकडच्या पुष्कळ डफांनाही आता फायबर लागतं. ते शेकावं लागत नाही, वाजतंही कडक. पण तिथे शेकोटीभोवतीचा तो पाव तास आणि त्यात होणाऱ्या गप्पा गेल्या त्या गेल्याच.)

भाचा ढोलक्याजवळ गेला.

"बाबाजी, एवढ्याशा तोंडातून बास कसा आनता जी?"

"तोंड लहान हाये गा, पोट लहान हाये का?"

"आन् इस्टॅंड?"

म्हातारा त्याच्याकडे पाहतच राहिला. "इस्टॅंड कायले पायजे बापू? कंबर कोनासाठी हाये?"

या एका वाक्यात त्या लोखंडी थैलीचा निकाल लागला, असं मला वाटलं. फिरत्या वाद्याची रचना करणारा माणूस आधी ढोल लहान करायला जातो. खडी गंमतीने ढोलाला हात लावला नाही, तिपाई काढून टाकली. वाद्य धरायला कंबर, ठेक्याला घुंगरू बांधलेले नाच्याचे पाय, झांजेच्या जागी साथीदाराच्या हातातले टाळ. चार माणसं चालत येतात आणि वाद्यवृंद त्यांच्या अंगावरच असतो. खाली ठेवायला काही नाही म्हणून उचलायलाही काही नाही. पश्चिम महाराष्ट्रात देवीच्या जोगत्यांचं चौंडकं असंच काखेत दाबून वाजतं. तिथेही तिपाईचं काम काखच करते.

आणि असं उभं राहण्याचा उपयोग नुसता ओझं वाचवायला नाही. गंमत रंगात आली तेव्हा ढोलक्या कडेवरून मधे सरकला. नाच्याने पायाने एक तोड टाकली, ढोलक्याने ती हातावर उचलली, अर्धी वाजवली आणि थांबून भुवया वर केल्या. नाच्या दोन पावलं मागे, ढोलक्या दोन पावलं पुढे. म्हातारा गुडघ्यात वाकून ढोलकी पार जमिनीपाशी नेऊन धुमावर पंजा घासत होता, खर्ज वर ओढत होता, आणि कडं ओरडत होतं. स्टुलावर बसलेल्या ड्रमरला हे कसं जमणार? त्याचे दोन्ही पाय कामाला जुंपलेले.

ऑक्टोपॅडबद्दल न बोलून चालणार नाही, कारण झाडीपट्टीच्या नाटकात आज ऑर्गन-तबल्याच्या जोडीला तोच बसतो. रोलॅंड कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टोपॅड आणला. आठ रबरी चौकोन, आणि त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. तो दुसऱ्या यंत्राला तारेने कळवायचा आणि ते यंत्र बोलायचं. पुढच्या पॅडांच्या पोटात शेकडो आवाज आले. काखेत मावणारं हे वाद्य बघून प्रश्न सुटला असं वाटतं. पण ऑक्टोपॅडला मिक्सर लागतो, मिक्सरला अ‍ॅम्प्लिफायर, त्याला उंच स्पीकर, आणि त्या सगळ्यांना वीज. रात्री दोन वाजता वीज गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत रंगमंचावरचा खलनायक मुठी आवळून नि:शब्द उभा राहिला, हे दृश्य झाडीपट्टीत कोणाला नवं आहे? वाद्य हलकं झालं. वजन गावच्या साउंडवाल्याच्या टेम्पोत गेलं. तिकडे नागपूर-रायपूर पट्ट्यातल्या धुमाल पार्ट्यांनी तर गोष्ट सरळच करून टाकली: आटोपशीर वगैरे काही करायचंच नाही, ढोल, कीबोर्ड, वादक सगळं गाडीवर चढवायचं आणि गाडीच वाजवत न्यायची. मिरवणुकीत त्यांची जरब जबरदस्त. घरात बसून ती मोजावी लागते, कारण कपाटाच्या काचा थरथरतात.

भाच्याचा किट आता जिथे आला आहे ती जागा मला पटते, निदान अर्धी. पेरूमध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी लाकडी खोक्यांवर ताल धरला, आणि त्यातून काहोन हे बसून वाजवायचं पेटीवाद्य घडलं. पुढचा पातळ तक्ता मधोमध वाजवला की बास, कडेला वाजवला की स्नेअर; मागच्या बाजूला हवेसाठी भोक. भाच्याने ठरवलं की सामानाची पेटी हाच बास. साकोलीच्या सुताराकडून प्लायची पेटी करून घेतली. प्रवासात तिच्या पोटात बारा इंची स्नेअर, एक लहान झांज, पेडल आणि कपडे. गावात पोचलं की पेट रिकामं करायचं, पेडल उलट बाजूने लावायचं आणि वर बसायचं. स्टूल गेलं, बासचा ढोल गेला, दोन तिपाया गेल्या. पहिल्या पेटीला जाड प्लाय लावला होता, तो नुसता टकटकला. पुढचा तक्ता पातळ केला, कडांचे दोन स्क्रू सैल ठेवले, तेव्हा ती बोलायला लागली. नाटकाला ही पेटी चालेल. तिथे वादक बसलेलाच असतो.

मंडईच्या चौकात ती चालणार नाही. आम्ही पेटी घेऊन त्या म्हाताऱ्याकडे पुन्हा गेलो. त्याने ती सगळीकडून ठोकून पाहिली, मागच्या भोकात हात घालून आत काही आहे का ते चाचपलं, आवाजाची तारीफही केली. मग म्हणाला, "बसून वाजवशीन तं नाच्यापाशी कोन जाईन?"

तेव्हापासून स्नेअर, झांज आणि एक शाईचं लहान तोंड एकाच शिवणीच्या चौकटीवर बसवून ती चौकट अंगावर बांधायची, असा दुसरा नकाशा वहीत तयार होतो आहे. शिवणीचं लाकूड हलकं, म्हणून तेवढ्यावर आमचं एकमत आहे. पट्टा खांद्यावरून घ्यायचा की कमरेला बांधायचा, यावर मात्र मामा-भाच्याचं जमत नाही. मी कमरेच्या बाजूचा. खांद्यावरून वजन आलं की हात आखडतात, असं माझं म्हणणं. तो वही मिटतो आणि म्हणतो, "मामाजी, तुमीच बांधून दोन घंटे उभे राहून दाखवा ना जी."